वेड्याचा शब्द

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी एका चित्रपटातल्या वेड्याबद्दल बोलणार आहे. वेड्याबद्दल असं म्हणतो खरा, पण तो वेडा आहे की आणखी कोणी, हाच माझ्या बोलण्याचा विषय आहे.

हा पेच आपल्याला अनोळखी नाही. २००७ सालचा 'भूलभुलैया' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जुनी हवेली, कुलूप घातलेली खोली, मेलेल्या नर्तकीची कथा आणि रात्री वाजणारी पैंजणं. हवेलीत राहायला आलेल्या अवनीच्या अंगात ती नर्तकी संचारली आहे, की अवनीचं मन दुभंगलं आहे? १९९३ च्या एका गाजलेल्या मल्याळम चित्रपटावर तो बेतलेला होता. दोन्हींमध्ये मानसोपचारतज्ज्ञ येतो आणि सांगतो, हे भूत नव्हे, हा आजार आहे. दोन-अडीच तास आपल्याला टांगून ठेवलेलं असतं, त्याचा हिशेब शेवटच्या रिळात चुकता होतो आणि आपण निवांत मनाने घरी जातो.

ज्या चित्रपटाबद्दल मला बोलायचं आहे, त्यात असा हिशेब चुकता होत नाही. त्याचं नाव 'ऑर्डेट'. डॅनिश भाषेत त्याचा अर्थ 'शब्द'. दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर. जोन ऑफ आर्कवरचा त्यांचा १९२८ चा मूकपट जगभर नावाजला गेला. मला दैवी आवाज ऐकू येतात असं म्हणणारी एक मुलगी आणि तिची उलटतपासणी करून तिला जाळणारे धर्मपंडित, असा त्याचा विषय. म्हणजे हा प्रश्न ड्रायर यांच्या मनात फार आधीपासून घर करून होता. 'ऑर्डेट' १९५५ साली आला आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला 'सुवर्णसिंह' हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

मूळ नाटक काई मुंक यांचं, १९२५ साली लिहिलेलं. मुंक हे डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यात पाद्री होते. जर्मन फौजांनी देश व्यापला तेव्हा ते प्रवचनांतून उघडपणे बोलत राहिले. जानेवारी १९४४ मध्ये गेस्टापोच्या माणसांनी त्यांना घरातून उचलून नेलं आणि ठार मारलं. शब्दाची किंमत काय पडते हे ठाऊक असलेल्या माणसाचं हे नाटक आहे.

कथा एका शेतकरी घराची आहे. मॉर्टन बोर्गेन हा म्हातारा घरचा कर्ता. थोरला मुलगा मिकेल, त्याचा देवावर विश्वास उरलेला नाही. त्याची बायको इंगर म्हणजे घराचा जीव. दोन लहान मुली आहेत आणि तिला पुन्हा दिवस गेले आहेत. धाकटा आंदर्स गावातल्या शिंप्याच्या मुलीच्या प्रेमात पडला आहे. पण शिंप्याची आणि म्हाताऱ्याची धर्माची समजूत वेगळी. दोघेही ख्रिस्ती, दोघेही भाविक, तरी सोयरिकीला नकार. आपल्याकडे असली घरं शोधायला लांब जावं लागणार नाही.

आणि मधला मुलगा योहानेस. हा पाद्री होईल, धर्मात नवा प्राण फुंकेल, म्हणून बापाने त्याला मोठ्या आशेने शिकायला पाठवलं होतं. धर्मशास्त्राच्या अभ्यासात तो इतका बुडाला की बाहेर आलाच नाही. आता तो म्हणतो, मी नाझरेथचा येशू आहे. गावात नवीन आलेला पाद्री मिकेलला विचारतो, प्रेमभंग वगैरे झाला होता का? मिकेल सांगतो, नाही, सोरेन किर्केगार्ड वाचला. इथे प्रेक्षक हमखास हसतो. एका तत्त्वज्ञाची पुस्तकं वाचून वेड लागलं, ही गंमतच वाटते. पण बापाची आशा, मुलाची जिद्द आणि मोडलेली बुद्धी हे सगळं त्या एका उत्तरात आहे. घरातलं हुशार पोर अभ्यास करता करता एक दिवस वेगळंच बोलायला लागलं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हसू येणार नाही.

चित्रपटाच्या सुरुवातीलाच पहाटे योहानेसचं अंथरूण रिकामं सापडतं. बाप आणि भाऊ त्याला शोधायला निघतात. तो समुद्राजवळच्या वाळूच्या टेकाडावर उभा असतो आणि समोर कोणीही नसताना प्रवचन देत असतो. माझ्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांनो, तुमचं काय होणार, असा त्याचा आक्रोश. घरी आल्यावर तो मेणबत्त्या पेटवून खिडकीत ठेवतो, का, तर आपला उजेड अंधारात पडावा म्हणून. घरात तो सावकाश चालतो, कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही, आणि एका उंच, पातळ, चढउतार नसलेल्या सुरात बोलतो. तो आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. आजारी माणसाचा आवाज असाच असतो. आणि या जगाशी ज्याचा संबंध सुटला आहे त्याचा आवाज कसा असेल, अशी कल्पना केली तर तोही असाच असेल.

ड्रायर यांनी हा तोल सबंध चित्रपटभर सांभाळला आहे. त्यांनी भुताटकीच्या चित्रपटातली एकही युक्ती वापरलेली नाही. धूर नाही, विजा नाहीत. स्वच्छ सारवलेल्यासारखी घरं, चहाकॉफी, पाइप, भिंतीवरचं घड्याळ, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. या रोजच्या जगात तो माणूस येतो, दोन वाक्यं बोलतो आणि निघून जातो. ती वाक्यं मात्र वेड्याची बडबड म्हणून सोडून देता येत नाहीत. नव्या पाद्र्याला तो सांगतो की तुम्ही लोक मेलेल्या ख्रिस्तावर विश्वास ठेवता, जिवंत ख्रिस्तावर नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचे चमत्कार तुम्हाला पटतात, आजचे पटत नाहीत. यावर पाद्री म्हणतो की चमत्कार आता होत नसतात. गंमत पाहा, ज्याला श्रद्धेचा पगार मिळतो तो चमत्कार नाकारतो आणि ज्याची बुद्धी गेली आहे तो श्रद्धेची बाजू मांडतो. दोघांपैकी बरोबर कोण, हे दिग्दर्शक आपल्याला सांगत नाही.

एक प्रसंग तर या साऱ्या विषयाचा गाभा आहे. इंगरला वेणा सुरू होतात, बाळंतपण अवघड जातं. मूल जातं, पण आई वाचली असं डॉक्टर सांगतो. म्हातारा बाप रात्रभर प्रार्थना करत होता. डॉक्टर त्याची थोडी चेष्टा करतो: कशाचा गुण आला म्हणायचा, तुमच्या प्रार्थनेचा की माझ्या उपचारांचा? मग डॉक्टर मोटारीत बसून निघतो. मोटारीच्या दिव्यांचा झोत खिडकीतून आत येतो आणि भिंतीवरून सरकत जातो. योहानेस त्या उजेडाकडे पाहून सांगतो की मृत्यू इंगरला न्यायला आला आहे. घरातल्यांना दिसतो तो फक्त मोटारीचा उजेड. आपल्यालाही तेवढाच दिसतो. आणि दुसऱ्या क्षणी आतल्या खोलीतून मिकेल येऊन सांगतो की इंगर गेली.

आता याला काय म्हणायचं? मोटारीच्या दिव्यात मृत्यू पाहणारा माणूस वैद्यकाच्या दृष्टीने भ्रमिष्ट आहे, यात शंका नाही. पण मृत्यू खरोखरच आला होता. डॉक्टरला तो दिसला नाही, प्रार्थना करणाऱ्या बापालाही दिसला नाही. योगायोग म्हणा. तसं म्हणायची मुभा दिग्दर्शकाने आपल्याला ठेवली आहे. पण म्हणताना आपला आवाज थोडा कापतो.

मला वाटतं, डेन्मार्कच्या प्रेक्षकाला हा प्रसंग जितका कोड्यात टाकत असेल तितका आपल्याला टाकत नाही. कारण आपल्या भाषेनेच ही दोन जगं कधी नीट वेगळी केली नाहीत. मराठीत वेड 'लागतं'. भूतही लागतं, नादही लागतो. जणू बाहेरून काहीतरी येऊन माणसाला चिकटतं. 'झपाटलेला', 'पछाडलेला' हे शब्द आपण अभ्यास करणाऱ्या पोरालाही लावतो आणि बाधा झालेल्या बाईलाही. 'पिसं' हा शब्द तर भक्तीत आणि वेडात सारखाच चालतो. माझ्या घरात मराठीबरोबर दखनी बोलली जायची. तिथेही तेच. 'मजनू' हे आपण प्रियकराचं नाव समजतो, पण मूळ अरबी शब्दाचा अर्थ आहे वेडा, आणि त्याचं मूळ 'जिन्न' या शब्दाशी जुळलेलं आहे. म्हणजे जिन्नाने धरलेला तो मजनू. प्रेम, वेड आणि परलोक अशी तिन्ही घरं एकाच शब्दात नांदतात.

दर्ग्याच्या आवारात मळक्या कपड्यांतला, स्वतःशी पुटपुटणारा एखादा माणूस दिसला की आमच्या घरातल्या बायका त्याला पागल म्हणत नसत, 'मज्जूब' म्हणत. जज्ब म्हणजे ओढ. ज्याला ईश्वराने आपल्याकडे ओढून घेतलं आणि त्या ओढीत ज्याचं भान हरपलं, तो मज्जूब. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. १८९२ साली इंग्रज सरकारच्या दप्तरात ते वेडे ठरले आणि १९०८ पर्यंत, तब्बल सोळा वर्षं, नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात राहिले. त्या काळात लोक त्यांच्या दर्शनाला इस्पितळातच जात. शेवटी राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून आपल्या वाड्यावर आणलं. एकच माणूस, एकच इमारत. आत ठेवणाऱ्यांच्या लेखी तो रोगी आणि बाहेर रांग लावणाऱ्यांच्या लेखी अवलिया.

आणि त्याच्याही सहा-सातशे वर्षं आधी याच विदर्भात ऋद्धिपूरला गोविंदप्रभू होऊन गेले. चक्रधरांचे ते गुरू. त्यांच्या लीळा वाचल्या तर दिसतं की ते मनाला येईल तसे हसत, फिरत, कोणाच्याही घरात शिरून खात. गावातले लोक त्यांना वेडा म्हणत आणि तेच लोक अडीअडचणीला त्यांच्याकडे धावत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नसे. मराठी गद्याच्या अगदी पहिल्या ग्रंथांपैकी एक असा एका 'वेड्या' देवमाणसाचं चरित्र आहे, याचा मला नेहमी अचंबा वाटतो.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, मग प्रश्नच मिटला. वेड्यात देव पाहावा, हात जोडावेत. श्रोतेहो, प्रश्न तिथे मिटत नाही, तिथून सुरू होतो. कारण वेड्यात देव पाहणारी नजर शहाण्या माणसाला वेडंही करू शकते. सत्यजित राय यांचा १९६० सालचा 'देवी' याच गोष्टीबद्दल आहे. एकोणिसाव्या शतकातलं बंगालमधलं एक जमीनदार घर. कालीभक्त सासऱ्याला स्वप्न पडतं की आपली धाकटी सून दयामयी हीच साक्षात देवी आहे. तो तिच्या पाया पडतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कोवळ्या मुलीला मखरात बसवून तिची आरती सुरू होते. तिने स्वतः कधीही काही दावा केलेला नाही. तेवढ्यात एक गरीब म्हातारा आपल्या मरायला टेकलेल्या नातवाला तिच्या पायांशी आणून ठेवतो आणि पोर डोळे उघडतं. झालं, माणसांची रांग लागते.

नवरा तिला रात्री कोलकात्याला पळवून न्यायला येतो. नदीकाठी तिची पावलं थांबतात. ती म्हणते, मी खरंच देवी असले तर? राय यांच्या त्या प्रसंगापाशी मी दर वेळी थबकतो. बाहेरच्यांनी लावलेली बाधा इथे पहिल्यांदा तिच्या आत शिरते. पुढे घरातला लाडका पुतण्या आजारी पडतो. डॉक्टराऐवजी त्याला देवीच्या मांडीवर ठेवतात आणि ते मूल मरतं. कालपर्यंतची देवी एका रात्रीत मूल खाणारी होते आणि दयामयीची बुद्धी ढळते. ऐन वयातली शर्मिला टागोर त्या शेवटच्या प्रसंगांत जशी दिसते, ते पाहवत नाही. त्या घरात पहिला भ्रम कोणाला झाला होता? सासऱ्याला. पण त्याला कोणी वेडा म्हटलं नाही, कारण तो घरचा कर्ता होता. वेडेपणाची किंमत मोजली ती सुनेने. कोणाला वेडं म्हणायचं आणि कोणाला दैवी, हे पुष्कळदा घरात सत्ता कोणाची यावर ठरतं.

बरं, नुसत्या शास्त्राच्या हाती हा प्रश्न सोपवून मोकळं होता येतं का? अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी इथल्या सरकारी मनोरुग्णालयात १९५९ साली मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. स्वतःला येशू ख्रिस्त मानणारे तीन रुग्ण त्याने एकत्र आणले. एकाच जागी तीन ख्रिस्त असू शकत नाहीत, तेव्हा एकमेकांना पाहून त्यांचा भ्रम मोडेल असा त्याचा होरा होता. दोन वर्षं त्याने त्यांच्याशी नाना खेळ केले, खोटी पत्रंसुद्धा लिहिली. कोणाचाही भ्रम मोडला नाही. १९६४ साली त्याचं पुस्तक आलं. पुढे १९८१ साली त्या पुस्तकाला जोड लिहिताना त्याने कबूल केलं की त्या माणसांच्या आयुष्याशी देवासारखं खेळण्याचा मला हक्क नव्हता. म्हणजे स्वतःला देव समजणारे तिथे तीन नव्हते, चार होते, आणि चौथ्याला बरं व्हायला वीसेक वर्षं लागली.

आता पुन्हा 'ऑर्डेट'कडे येऊ. इंगर गेली त्या रात्री योहानेस तिच्या मृतदेहापाशी जातो आणि तिला उठवण्याचा प्रयत्न करतो. मी ख्रिस्त आहे, मी उठवीन, असा त्याचा विश्वास. काहीच घडत नाही. तो तिथेच कोसळतो. नंतर तो खिडकीतून घर सोडून निघून जातो आणि शोधूनही सापडत नाही. भुताखेताच्या किंवा देवाधर्माच्या साध्या चित्रपटात वेड्याच्या हातून चमत्कार याच ठिकाणी झाला असता. ड्रायर तो होऊ देत नाहीत.

शेवटचा प्रसंग अंत्यविधीचा आहे. पांढरी स्वच्छ खोली, उघडी शवपेटी, पडद्यांतून येणारा उजेड. रुसलेला शिंपी मन मोकळं करून मुलीला घेऊन येतो, सोयरीक जुळते. पेटीचं झाकण लावायची वेळ होते आणि दारात योहानेस उभा राहतो. त्याने बापाला 'बाबा' म्हणून हाक मारलेली आहे. आवाज बदललेला, नजर स्थिर. बापाच्या लक्षात येतं की पोराची बुद्धी परत आली. शहाणा झालेला योहानेस मग विचारतो, तुमच्यापैकी एकालाही देवाकडे इंगरला परत मागावंसं वाटलं नाही? बाप म्हणतो, तू देवाची थट्टा करतोस. योहानेस म्हणतो, थट्टा तुम्ही करता, तुमच्या कोमट श्रद्धेने.

तेवढ्यात इंगरची थोरली मुलगी मारेन पुढे येते आणि त्याचा हात धरते. या पोरीने आधीच्या रात्रीही काकाला विचारून ठेवलेलं असतं की आई मेली तर तू तिला उठवशील ना. तिला हा काका वेडा की देव, असला प्रश्नच पडलेला नाही. ती त्याला म्हणते, लवकर कर. आणि तो प्रार्थना करतो. पण या वेळी तो 'मी ख्रिस्त आहे' असं म्हणत नाही. तो ख्रिस्ताच्या नावाने मागणं मागतो, मेलेल्याला जिवंत करणारा शब्द मला दे. पेटीतल्या इंगरच्या हातांची बोटं हलतात. ती डोळे उघडते. मिकेल तिला उठवून मिठीत घेतो. मृत्यूच्या वेळी थांबवलेलं घड्याळ पुन्हा चालू केलं जातं.

मी स्वतः कवी आहे, शब्दांवर जगणारा माणूस. मला या चित्रपटाचं नाव इथे कळलं. वेडात योहानेसकडे शब्द होते, पण ते तो आपले मानत होता, आणि त्यांनी कोणी उठलं नाही. शुद्धीवर आल्यावर त्याने शब्द मागितला. माझ्या धर्माच्या संस्कारातून मला हे फार जवळचं वाटलं. कुराणातही हजरत ईसा मेलेल्यांना उठवतात, पण तिथे 'अल्लाहच्या परवानगीने' ही अट सोडलेली नाही. आणि सूफी परंपरेतल्या जाणत्यांनीही सांगून ठेवलं आहे की मज्जूबाचा मान ठेवावा, पण त्याच्यामागे जाऊ नये. वाट दाखवायला शुद्धीवर असलेलाच माणूस लागतो.

मग योहानेसचं वेड खोटं होतं का? तेही नाही. वेडा असताना तो जे म्हणत होता, की तुमचा विश्वास मेलेल्यावर आहे, जिवंतावर नाही, तेच तो शहाणा झाल्यावरही म्हणतो. आजार गेला, म्हणणं उरलं. ड्रायर यांनी आजाराला आजारच ठेवलं, त्याला दैवी रंग दिला नाही. पण आजारी माणूस बोलतो ते सगळं आजारच असतं, हेही त्यांनी मानलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला आपल्याला फार जड जातं.

जड जातं, आणि त्याची किंमत माणसं मोजतात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. तिथे मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेलं होतं. त्यांना पळता आलं नाही. अठ्ठावीस माणसं जळून मेली. कोणाला तरी वाटलं होतं की यांना बाहेरची बाधा आहे आणि दर्ग्याच्या सावलीत ती उतरेल. श्रद्धेने आणलेली माणसं होती ती. पण साखळी श्रद्धेची नव्हती. आपल्या धर्मग्रंथांत आणि फिकहमध्ये वेड्यावरून लेखणी उचलली आहे असं म्हणतात, म्हणजे त्याच्या कृत्यांचा हिशेब लिहिला जात नाही. ज्याच्यावरून देवाने लेखणी उचलली त्याच्या पायात आपण बेडी घालावी, हे कोणत्या धर्मात बसतं?

त्यानंतर पुष्कळ बदललं. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं हा आता गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळदंडाने बांधण्यास देशभर मनाई केली. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' असा उपक्रम सुरू झाला. दर्ग्यात आलेल्या रुग्णाला मुजावर दुआ देतात आणि तिथेच डॉक्टरकडेही पाठवतात. मला हा उपक्रम 'ऑर्डेट'च्या फार जवळचा वाटतो. त्या चित्रपटात डॉक्टरचा अपमान कुठेही नाही. तो भला माणूस आहे, आपलं काम चोख करतो. प्रार्थना करणाऱ्याचाही अपमान नाही.

आणि योहानेसला त्याच्या घरातल्यांनी कसं सांभाळलं तेही पाहा. त्यांना त्याची लाज वाटते, दुःख होतं, बाप तर आतून मोडलेला आहे. पण कोणी त्याला कोंडत नाही, कोणी मखरातही बसवत नाही. पहाटे अंथरूण रिकामं दिसलं की सगळे त्याला शोधायला निघतात. तो येशू आहे की भ्रमिष्ट, हे न ठरवताही एवढं करता येतं. ताटात वाढता येतं, अंगावर कोट घालता येतो, डॉक्टरला दाखवता येतं, आणि तो बोलायला लागला तर क्षणभर थांबून ऐकताही येतं.

शेवटी इंगर खरंच उठली का? तिचा मृत्यू हाच डॉक्टरचा चुकलेला निर्वाळा होता का? चित्रपट पाहून बाहेर पडलेली माणसं यावर वर्षानुवर्षं भांडत आली आहेत, तुम्हीही भांडा. एवढं मात्र चित्रपटात स्पष्ट आहे की त्या खोलीत पाद्री, डॉक्टर, बाप, नवरा, सगळे शहाणे हजर असताना मागणं मागायला एका लहान मुलीने पुढे यावं लागलं. आणि तिने ज्याचा हात धरला, त्याच्याकडे कालपर्यंत कोणी डोळे भरून पाहिलंही नव्हतं.

चित्रपट कुठे मिळाला तर जरूर पाहा.